सुताचं दुसरं टोक

आमच्या गल्लीत कोणाच्या दारात विटांची ट्रॉली रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतकाका त्या ढिगाशी उभे दिसायचे. बोलवावं लागायचं नाही. हात पाठीमागे बांधलेले, मान जराशी वाकडी, एक डोळा मिटून दोन घरांच्या मधल्या फटीकडे बघणं चाललेलं. घरमालक बाहेर आला की पहिला प्रश्न ठरलेला. "बांधा, जरूर बांधा. पण सुताचं दुसरं टोक कोण धरणार?"

नव्या माणसाला काही कळायचं नाही. पाया आखताना मिस्त्री सूत ताणतात ना, त्याचं एक टोक बांधणाऱ्या घराने धरायचं आणि दुसरं शेजारच्या घराने, असा काकांचा नियम होता. खिळ्याला बांधायचं नाही, मजुराच्या हातात द्यायचं नाही. शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल तर आधी बोलणं सुरू करायचं आणि मग पाया खणायचा. देवासच्या टेकडीखालची आमची गल्ली काही साधुसंतांची नाही. चांगली कडकड भांडणारी माणसं आहोत आम्ही. तरी काका होते तोवर आमच्याकडची एकही भिंत कोर्टात गेली नाही. मी आयुष्यभर सरकारी शाळेत गणित शिकवलं, तेही हिंदीतून, तेव्हा माझ्या मराठीत हिंदी सांडलेली दिसेल. पण आकडा चुकायचा नाही. एकही नाही म्हणजे एकही नाही.

काका जमीन मोजणीच्या खात्यात होते. सारी नोकरी धार जिल्ह्यात गेली, बदनावर, धामनोद, पुन्हा बदनावर. रिटायर होऊन देवासला वडिलांच्या घरी राहायला आले ते एका खाकी पिशवीत लोखंडी साखळी, टेप आणि पांढऱ्या सुताचं लाकडी रीळ घेऊन. साखळी भिंतीवर टांगली गेली. रीळ मात्र बुशशर्टच्या डाव्या खिशात गेलं ते तिथेच राहिलं. लग्नाकार्याला जातानाही इस्त्रीच्या शर्टाचा खिसा फुगलेला असायचा. त्यांच्या बायकोला, इंदूकाकूंना, याची फार लाज वाटायची. "एखाद्याच्या खिशात पेन असतं, एखाद्याच्या खिशात पानाची डबी. माझ्या नशिबी हे रीळ आलं," असं त्या चारचौघांत सांगायच्या आणि काका खुशाल हसायचे.

मोजण्याचं वेड घराण्यातलंच. देवासात पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघांची हद्द भर गावातून जायची. काकांचे आजोबा धाकट्या पातीत कारकून आणि त्यांची सासुरवाडी रस्त्यापलीकडे, थोरल्या पातीत. "आमची आजी रुसली की दुसऱ्या राज्यात निघून जायची," काका सांगायचे, "आणि आजोबा हद्दीवर उभे राहून तिला हाका मारायचे." यात खरं किती ते टेकडीवरच्या माताजीलाच ठाऊक. पण सांगताना काकांचा चेहरा इतका गंभीर असायचा की आम्हाला हसायची चोरी.

बाकी माणूस तऱ्हेवाईक, हे कबूल केलंच पाहिजे. पोह्यांवर शेव आम्ही सगळेच घालतो, काका श्रीखंडावरही घालायचे. गावातली सगळी अंतरं त्यांना पावलांत पाठ होती. "भाजीबाजार किती लांब आहे हो?" असं पाहुण्याने विचारलं तर "सहाशे चाळीस" एवढंच सांगून पुढे जायचे. कोणाच्या ओट्यावर गप्पा मारायला आले तरी भिंतीला पाठ टेकायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "टेका की काका, भिंत काय पडतेय?" तर म्हणाले, "दुसऱ्याची भिंत आहे बाई. तिच्यावर आपलं ओझं कशाला?" मला सगळी गल्ली मॅडम म्हणायची. ते एकटे मला बाई म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

आमची ओळख झाली ती भांडणातून, आणि भांडण मीच काढलं होतं. आम्हाला मागच्या अंगणात एक खोली वाढवायची होती. शेजारच्या व्यासजींचं शेवग्याचं झाड नेमकं मध्ये येत होतं. झाड आमच्या हद्दीत आहे असं आमच्या ह्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या हद्दीत असं व्यासजींचं. सात महिने दोन्ही घरांचं बोलणं बंद. दिवाळीला फराळाची ताटंसुद्धा एकमेकांच्या दारावरून पुढे गेली. शेवटी ह्यांनी विटा आणून टाकल्या, आणि दुसऱ्या सकाळी काका हजर.

त्यांनी दोघांना बोलावलं. कसं बोलावलं ते त्यांनाच माहीत. सुताचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं, दुसरं व्यासजींच्या, आणि म्हणाले, "ताणून धरा, सोडायचं नाही. मी चष्मा घेऊन आलो." आणि गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी गच्चीवरून बघत होते. सूत ताणून धरायचं म्हणजे समोरच्या माणसाकडे बघावंच लागतं, दुसरीकडे तोंड फिरवलं की ते ढिलं पडतं. दोघेही बघत होते. मग व्यासजी म्हणाले, "हाथ दुख रहा हो तो नीचे रख दो, भिया." हे म्हणाले, "तुम्ही ठेवा आधी." सूत दोघांनीही ताणलेलंच ठेवलं. मग व्यासजींनी हळूच विचारलं, "बिटिया की परीक्षा कैसी गई?"

अर्ध्या तासाने काका आले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. ते आपल्या घरी बसून निवांत चहा घेत होते, हे इंदूकाकूंनी मला नंतर सांगितलं.

मोजणी झाली आणि झाड व्यासजींचं निघालं. ह्यांनी मान डोलावली. मी मात्र खाली उतरले आणि जे तोंडात येईल ते बोलले. मी म्हटलं, मी गणिताची बाई आहे, मला फसवू नका, मी स्वतः मोजणार. मला राग लवकर येतो, आणि आला की तो मोठा येतो. काकांनी टेप माझ्या हातात दिली. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. काका तोवर उन्हात उभे होते. टेप परत घेताना म्हणाले, "बाई, तुमचं गणित पक्कं आहे. आता चहा करा." आमची खोली वीतभर अरुंद झाली. शेंगा धरल्या की व्यासजींकडून पहिली जुडी मात्र आजही आमच्याकडे येते.

त्यांची कीर्ती मग गल्लीबाहेर गेली. एकदा बायपासकडच्या नव्या कॉलनीतून एक बडे गृहस्थ मोठी गाडी घेऊन आले. बंगल्याला बाजूने गॅरेज काढायचं होतं आणि शेजारी अडून बसला होता. काकांनी मोजून दिलं म्हणजे शेजाऱ्याचं तोंड बंद होईल, असा हिशेब. बरोबर मिठाईचा डबा, "काकासाब, काकासाब" असा सारखा जप. काका गेले त्यांच्याबरोबर. तिथे पोचल्यावर विचारलं, "शेजारी कुठेत?" गृहस्थ म्हणाले, "त्यांची काय गरज? दुसरं टोक माझा ड्रायव्हर धरील." काकांनी रीळ खिशात ठेवलं, डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि भर दुपारी पायी घरी आले. चेहरा लालबुंद झाला होता. इंदूकाकू पाणी देत म्हणाल्या, "गाडीने तरी यायचं." काका म्हणाले, "नऊ हजार तीनशे," आणि पाणी प्यायले.

अशा माणसाची परीक्षा शेवटी त्याच्या स्वतःच्या दारात व्हायची होती.

इंदूकाकू न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पूर्वीसारखा चालला नाही, चाकाची खुर्ची आली. काकांच्या घराचं जोतं उंच, पुढे सहा पायऱ्या. खुर्ची तिथून उतरवणं अशक्य, म्हणून काकूंचं जग पलंग, खुर्ची आणि एक खिडकी एवढंच उरलं. ती खिडकीही शेजारच्या बोळात उघडायची आणि बोळात समोर भिंत. न्हाणीघर जुनं, त्याचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जायची नाही. रोज सकाळी काका आणि कामवाली मिळून काकूंना उचलून आत न्यायचे. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. एकदा दोघंही धडपडता धडपडता वाचले.

त्यांचा मुलगा मिलिंद पीथमपूरला कारखान्यात आहे, दर शनिवारी येतो. त्याने उपाय काढला आणि तो उत्तम होता. घराच्या बाजूचा तो बोळ, काकांच्या भिंतीच्या आतला, गल्लीच्या तोंडाशीही भिंतीने बंद केलेला आणि तीस वर्षं अडगळीने भरलेला, तो साफ करायचा, वर छत घालायचं आणि काकूंच्या खोलीतून रुंद दार काढून तिथे न्हाणीघर करायचं. खुर्ची थेट आत जाईल. त्याने कागदावर सगळं आखलं होतं, खुर्ची वळायला किती जागा लागते तेसुद्धा. "बोळ बरोबर पुरतो, बाबा. एक इंच जास्त नाही, एक इंच कमी नाही."

भेरूलाल मिस्त्री आला, विटा आल्या. काकांनी रीळ काढलं आणि आपला प्रश्न आपल्याच मुलाला विचारला. "दुसरं टोक?"

बोळापलीकडचं घर गंगाबाईंचं. नवरा बद्रीलालजी गेल्यापासून त्या कन्नौदला मुलाकडे राहत होत्या आणि इथल्या घराला कुलूप होतं. मिलिंदने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गंगाबाई म्हणाल्या, "बना लो बेटा, म्हारे कई तकलीफ हे?" मिलिंदने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "फोनवर सूत धरता येत नाही."

"बाबा, भिंत उभी आहे. तुम्हीच बांधली आहे. तिच्या आत काम करायचंय, नवीन काही आखायचं नाही."

"वर छताचं वजन येणार. पाया नवा होणार. म्हणजे सूत."

गंगाबाईंना आणायला काका एकटे बसने निघाले तेव्हा इंदूकाकूंनी मला गळ घातली, म्हणून मी बरोबर गेले. कन्नौदपर्यंत काका खिडकीतून शेतांचे बांध बघत होते. गंगाबाई मुलाच्या दारात गहू निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या आणि कारण ऐकल्यावर पदर तोंडाला लावून खूप हसल्या. "सूत पकड़वा सारू इत्ती दूर आया, वसंत भिया?" पण दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आल्या.

मागच्या टोकाला अंगणात हद्दीचा जुना दगड आहे, तिथे काका सूत धरून बसले. मध्ये भेरूलाल आणि मिलिंद. पुढे गल्लीच्या बाजूला गंगाबाईंचा दगडी ओटा, त्याच्या कडेला लागूनच काकांची भिंत. काका मागून ओरडले, "ओट्याच्या कोपऱ्यावर धरा." गंगाबाईंनी कोपऱ्यावर धरलं नाही. त्यांनी सूत भिंतीच्या वरून अलीकडे, काकांच्या बाजूला आणलं आणि तिथे बोट टेकवलं.

"कोपऱ्यावर, गंगाबाई," भेरूलाल म्हणाला.

"कोनो तो यां थो," त्या म्हणाल्या. "ओटलो यां तक थो. तमारा दाजी की खाट निकाली जदे इनने काट्यो थो."

दाजी म्हणजे वडील, काकांचे. गंगाबाईंच्या लेखी ती साधी गोष्ट होती. काकांना ती नवी होती. काका बदनावरला होते तेव्हा इथे त्यांचे वडील एका सकाळी एकाएकी आजारी पडले. समोरच्या पायऱ्यांवरून खाट उतरवता येईना म्हणून लोकांनी ती बोळातून काढली. तेव्हा बोळ मोकळा होता. गंगाबाईंच्या ओट्याशी येऊन खाट अडकली. बद्रीलालजींनी घरातून सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि आपल्या वडिलांनी बांधलेल्या ओट्याचं टोक स्वतःच्या हाताने फोडून काढलं. खाट निघाली. काकांचे वडील तरी वाचले नाहीत. काका आले ते अंत्यविधीला. त्या गडबडीत ओट्याचं कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलंही असेल आणि त्यांच्या कानावरून गेलं असेल.

चार-सहा महिन्यांनी काकांनी रजा काढून भिंत घातली. बद्रीलालजी तेव्हा लग्नाला कन्नौदला गेलेले. काकांची रजा दोन दिवसांची. त्यांनी ओट्याची कड धरून मोजलं आणि सुताचं दुसरं टोक तिथे एका खिळ्याला बांधलं.

काका उठून पुढे आले. गंगाबाईंचं बोट जिथे होतं तिकडे बराच वेळ बघत राहिले. मग भेरूलालला म्हणाले, "भिंतीच्या बुडाशी खण." भेरूलालने खणलं. हातभर खाली ओट्याचा काळा दगड लागला, आणि तो काकांच्या भिंतीखालून सरळ आत गेलेला होता. नऊ इंच. एक वीट लांब, म्हणजे अख्खी भिंतच्या भिंत गंगाबाईंच्या जमिनीवर.

काका आपल्या पायरीवर बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. पाठ भिंतीला टेकली होती, आणि भिंत त्यांची स्वतःचीच होती तरी मला ते बघवेना.

"भेरू," ते म्हणाले, "भिंत पाडायची."

मिलिंद भडकला. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगते. त्याच्या जागी मी असते तर विटा फेकल्या असत्या. "नऊ इंच गेले तर खुर्ची वळत नाही बाबा. मी मोजलंय. आईला रोज उचलून नेता, एक दिवस दोघंही पडाल. हे कोणासाठी करतोय मी?"

"रेवा दो, वसंत भिया," गंगाबाई म्हणाल्या. "म्हारे कई करनो हे नौ इंच को? इनने भी कधी कई नी कह्यो."

काकांनी वर बघितलं. "बद्रीला माहीत होतं?"

"माहीत तो थो. कन्नौद से आया, भींत देखी. म्हने कह्यो, बोलो वसंत से. तो बोल्या, वसंत को बाप गयो हे, अबे ईंट की कई वात करां."

 भेरूलाल हातातल्या थापीला लागलेला जुना चुना नखाने काढत होता. मग मी तोंड घातलं. मी म्हटलं, "काका, त्या स्वतः नाही म्हणतायत. काकूंचा विचार करा."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही तीनदा मोजलं होतं ना? तुमची खोली अरुंद झाली तेव्हा मी म्हटलं का, राहू द्या?" आणि मग मिलिंदकडे वळून, अगदी हळू, "सरकारी कामात कधी खिळ्याला बांधलं नाही रे. घरचं काम, आपला शेजारी, म्हणून बांधलं. आणि नंतर साऱ्या गल्लीला शिकवत फिरलो. तुझ्या आईला उचलायला मी आहे. पण बद्रीच्या जागेत तिला आंघोळ घालणार नाही."

त्यांनी भेरूलालचा हातोडा उचलला आणि पहिली वीट स्वतः काढली. निघेना लवकर, जुना पक्का चुना. सात-आठ घाव घातले. मिलिंद गच्चीवर निघून गेला होता. थोड्या वेळाने खाली आला, वडिलांच्या हातातून हातोडा घेतला आणि भिंतीवर असा सगळा राग काढला की दुपारपर्यंत अर्धी भिंत खाली. वसंतकाकांची भिंत पडतेय म्हणून सगळी गल्ली जमली. ज्यांना ज्यांना त्यांनी आपली हद्द दाखवून गप्प केलं होतं, ते सगळे तिथे होते, आणि काका प्रत्येकाला स्वतःहून सांगत होते, "माझी चूक निघाली. नऊ इंच." कोणी विचारायच्या आत सांगत होते. मी त्या गर्दीत उभी होते. माझे ते कोण? शेजारी. पण त्या दिवशी मला वाटलं, कोणीतरी परगावचं माणूस आत्ता इथे यावं आणि विचारावं, हे कोण हो, आणि मी सांगावं, आमचे आहेत.

संध्याकाळी अडगळ बाहेर काढायला गल्लीच्या तोंडाची भिंतही पाडली. मिलिंद वहीत नव्याने आकडे मांडत बसला होता, नऊ इंच वजा करून. तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली. आम्ही घाबरून धावलो. काकू खुर्ची खिडकीशी नेऊन बसल्या होत्या.

"बटाटेवाला गेला," त्या म्हणाल्या. "आणि व्यासजींची सून स्कूटरवरून गेली. वजन वाढलंय तिचं."

आम्ही बघितलं. खिडकीतून बोळ, बोळातून गल्ली, आणि गल्लीच्या वर टेकडीचा एक तुकडा दिसत होता. मागे जमीन चढती, म्हणून मागच्या दाराला पायरी नाही, ते अंगणाच्या सपाटीला आहे. अंगणातून बोळ, बोळाच्या उतारावरून सरळ रस्ता. तीस वर्षं ती वाट बंद होती म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"परत बांधू नका," काकू म्हणाल्या.

मिलिंद म्हणाला, "आई, न्हाणीघर..."

"ते मागे अंगणात कर लहानसं. मिलिंद, दोन वर्षं तुम्ही माझ्यासाठी खोल्या आखताय. मी खोलीतच आहे रे. मला बाहेर जायचंय."

न्हाणीघर मागे झालं, रुंद दाराचं, काकूंच्या खोलीपासून जरा दूर पण खुर्ची आत जाणारं. बोळ मोकळा राहिला. मधे भिंत घालू नका, असं गंगाबाईंनीच सांगितलं. "अबे तो म्हारी जगा हे नी? तो म्हारी मरजी." काकांनी तरी ऐकलं नाही, हद्द दाखवायला जमिनीत एक दगड बसवलाच. पण इतका सपाट बसवला की त्यावरून चाक गेलं तरी काकूंना कळू नये. गंगाबाईंना कन्नौदला परत जाववेना. नवरात्रापर्यंत राहते म्हणाल्या आणि राहिल्या.

काका त्यानंतर फार दिवस नव्हते. पाच दिवस ताप आला आणि गेले. मी तेव्हा पुण्याला मुलीकडे होते, त्यांना शेवटचं बघायला मिळालं नाही. म्हणून माझ्या लेखी त्यांना शेवटचं बघितलं ते मी पुण्याला निघायच्या आदल्या सकाळचं आहे. ते असं.

मी भाजी घेऊन परत येत होते. काकू खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर पिशवी. मागे काका. रोज सकाळी ते त्यांना टेकडीच्या पायथ्यापर्यंत नेत असत. त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी खुर्ची थांबवून काका खाली वाकले होते, चाक आणि ओट्याची कापलेली कड यांमधली जागा बोटांनी मोजत होते. रोज मोजायचे.

काकू म्हणाल्या, "मोजून झालं असेल तर ढकला."

काका उठले आणि खुर्ची गल्लीत घेतली. वाकल्यामुळे खिशातलं रीळ सैल झालं असावं. सुताचं एक टोक बाहेर निसटून गंगाबाईंच्या ओट्याशी पडलं होतं आणि काका पुढे चालतील तसं रीळ खिशात फिरत होतं, त्यांच्या मागे सूत उलगडत होतं. मी हाक मारणार होते. ओट्यावर बसलेल्या गंगाबाईंनी मला हाताने गप्प केलं. त्यांनी वाकून ते टोक उचललं, बोटाला एक वेढा दिला, आणि काका वळणावरून दिसेनासे होईपर्यंत धरून बसल्या.